जोसेफ फूर्ये : शिंप्याच्या मुलाचें गणित

सायंकाळची वेळ असावी, गवई गाण्यास बसण्यापूर्वीं तंबोरा जुळवीत असावा, आणि ऐकणारानें डोळे मिटून खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यावें. तार एकच, परंतु कान तयार असेल तर तिच्यांतून षड्जाबरोबर पंचम ऐकूं येतो, आणि तंबोरा उत्तम जुळला असेल तर कोणीं न छेडलेला गंधारहि त्यांत स्पष्ट उमटतो. आपले गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. एका तारेंतून इतके स्वर कसे निघतात, आणि ते एकमेकांत मिसळून गेल्यावर त्यांना पुन्हां वेगळें करून प्रत्येकाचें माप घेतां येईल काय, हा प्रश्न जिज्ञासु विद्यार्थ्याच्या मनांत केव्हां तरी येतोच. या प्रश्नाचें सर्वांत व्यापक उत्तर ज्यानें दिलें तो मनुष्य संगीतज्ञ नव्हता. तो तापलेल्या लोखंडाचा विचार करीत होता. त्याचें नांव झां बातीस्त जोसेफ फूर्ये. ज्यांना गणिताची आवड आहे, परंतु त्या गणिताचा ध्वनि, विद्युत् व प्रकाश यांच्याशीं काय संबंध तें अद्याप कळलेलें नाहीं, अशा विद्यार्थ्यांनीं त्याचें चरित्र अवश्य जाणावें. कारण गणिताकडून तरंगांच्या शास्त्राकडे जाणारी वाट प्रथम त्यानेंच पाडली.

फूर्येचा जन्म फ्रान्स देशांतील ओसेर या गांवीं ता. २१ मार्च १७६८ रोजीं झाला. बाप शिंप्याचा धंदा करी. घरांत मुलें पुष्कळ व मिळकत बेताची. जोसेफ सुमारें दहा वर्षांचा होतो न होतो तोंच आईबाप दोघेंहि निवर्तलीं, आणि मूल पोरकें झालें. अशा मुलाचें पुढें काय व्हावयाचें तें त्या काळीं ठरलेलेंच असे. परंतु त्याची बुद्धि गांवांतील कांहीं थोर मनाच्या माणसांच्या नजरेस आली होती, व त्यांच्या खटपटीनें १७८० मध्यें त्यास ओसेर येथील लष्करी शाळेंत प्रवेश मिळाला. ही शाळा बेनेडिक्टी पंथाचे धर्मगुरु चालवीत असत. आरंभीं त्याचा ओढा साहित्याकडे होता, पण तेराव्या चौदाव्या वर्षीं गणितानें त्याला असें कांहीं झपाटलें कीं, बेझू नांवाच्या ग्रंथकाराच्या गणितपाठाचे सहाच्या सहा भाग त्यानें चौदावें वर्ष संपण्यापूर्वीं वाचून काढले. दिवसभर शाळेचे पाठ असत. म्हणून जळून उरलेल्या मेणबत्त्यांचीं थोटकें तो गोळा करून ठेवी, आणि रात्रीं इतर मुलें निजलीं म्हणजे त्यांच्या उजेडांत उदाहरणें सोडवीत बसे, असें त्याचे चरित्रकार सांगतात.

शिक्षण संपल्यावर तोफखान्यांत किंवा लष्करी इंजिनियरींत जावें अशी त्याची इच्छा होती. लझांद्रसारख्या नामांकित गणितज्ञानें त्याची शिफारस केली. परंतु त्या वेळच्या फ्रान्समध्यें या जागा कुलवंतांसाठीं राखलेल्या असत. उमेदवार प्रतिन्यूटन असला तरी जन्मानें उमराव नसेल तर त्याला जागा नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्याला मिळालें अशी आख्यायिका आहे. शिंप्याच्या मुलाच्या तोंडावर एक दार बंद झालें. तेव्हां १७८७ सालीं तो लुआर नदीकाठच्या सें बनवा येथील मठांत उमेदवार शिष्य म्हणून राहिला. पण गणित सुटेना. संन्यासाची दीक्षा घ्यावी कीं शास्त्राची सेवा करावी, या विचारांत दोन वर्षें गेलीं, आणि १७८९ मध्यें व्रत न घेतांच तो मठ सोडून निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें पॅरिसच्या शास्त्र-अकादमीपुढें समीकरणांवरील निबंध वाचला, आणि पुढील वर्षीं ओसेरला परत येऊन ज्या शाळेंत तो शिकला होता तेथेंच शिक्षक झाला.

इकडे राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था मोडत असलेली पाहून फूर्येसारख्या तरुणास आनंद व्हावा हें साहजिकच होतें. १७९३ मध्यें तो गांवच्या क्रांतिसमितींत सामील झाला. परंतु लवकरच क्रांति आपल्याच लेकरांना गिळूं लागली. ऑर्लेआं येथें संकटांत सांपडलेल्या कांहीं माणसांची बाजू घेण्याचें धैर्य त्यानें दाखविलें. त्याचें फळ म्हणून जुलै १७९४ मध्यें त्याला अटक झाली. वधस्तंभ दूर नव्हता. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस रोब्सपियरचाच शिरच्छेद झाला, आणि तुरुंगाचीं दारें उघडलीं. थोडे दिवस इकडे तिकडे झाले असते तर या चरित्राचा शेवट येथेंच झाला असता.

१७९५ च्या आरंभीं शिक्षक तयार करण्यासाठीं पॅरिस येथें नवी शाळा निघाली, तींत फूर्ये विद्यार्थी म्हणून निवडला गेला. लाग्रांज, लाप्लास व मोंज हे तिघे युगप्रवर्तक गणिती तेथें शिकवीत. लौकरच तो पॉलिटेक्निक नांवाच्या प्रसिद्ध विद्यालयांत अध्यापक झाला, आणि १७९७ मध्यें खुद्द लाग्रांजच्या जागेवर त्याची नेमणूक झाली. त्याची शिकवण्याची हातोटी उत्तम असे. विद्वत्तेच्या या शांत मार्गानें त्याचें आयुष्य पुढें गेलें असतें. परंतु १७९८ मध्यें नेपोलियन बोनापार्टनें इजिप्तवर स्वारी केली व आपल्याबरोबर विद्वानांचा एक तांडाच नेला, त्यांत फूर्येहि होता. नेल्सननें नाइलच्या मुखापाशीं फ्रेंच आरमाराचा नाश केल्यामुळें ही मंडळी परदेशांत अडकून पडली. तरी कैरो येथें विद्वत्सभा स्थापन झाली, फूर्ये तिचा चिटणीस झाला, आणि तेथील प्राचीन अवशेषांची पाहणी त्यानें मोठ्या उत्साहानें चालविली. १८०१ सालीं तो स्वदेशीं परतला.

त्याला पुन्हां विद्यालयांत जाऊन शिकवावयाचें होतें. पण त्याची कारभारांतील हुशारी नेपोलियननें हेरली होती, व त्याची इच्छा ती आज्ञाच. १८०२ मध्यें फूर्ये इझेर प्रांताचा प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखा अंमलदार होऊन ग्रनोबल या डोंगराळ मुलखांतील शहरीं गेला. हें काम त्यानें मनाविरुद्ध पत्करलें, पण मन लावून केलें. बूर्ग्वें येथील विस्तीर्ण दलदलीमुळें आसपासच्या गांवांत तापाची सांथ नेहमींची झाली होती. अनेक गांवांची समजूत घालून, भांडणें मिटवून त्यानें ती दलदल कोरडी करविली. ग्रनोबलहून आल्प्स ओलांडून तूरीनकडे जाणारा रस्ता त्याच्याच देखरेखीखालीं झाला. इजिप्तविषयींच्या महाग्रंथाची प्रस्तावनाहि त्यानें तेथेंच लिहिली. त्याच गांवांत शांपोल्यों नांवाचा एक मुलगा शिकत होता. फूर्येच्या परिचयानें त्याची इजिप्तविषयींची ओढ वाढली. १८२२ मध्यें प्राचीन इजिप्तची चित्रलिपि वाचण्याची किल्ली शोधून काढणारा पंडित तो हाच.

आणि या सर्व धामधुमींत, कचेरीचे कागद आवरल्यावर, फूर्ये आपला खरा उद्योग करीत असे. त्याचा प्रश्न दिसण्यांत साधा होता. लोखंडाची एक कांब एका जागीं तापविली तर ती उष्णता कांबेंत कशी पसरते? अमुक वेळानें अमुक ठिकाणीं किती ऊब असेल, तें आधीं सांगतां येईल काय? त्यानें लोखंडाचें कडें तापवून त्यावर जागोजागीं उष्णतामापकें लावून मोजणीहि केली. विचारांतीं त्याला नियम सांपडला तो असा : कोणत्याहि बिंदूची उष्णता त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सरासरीहून जितकी कमी असेल, तितक्या वेगानें ती वाढते, आणि सरासरीहून अधिक असेल तर त्याच प्रमाणांत उतरते. हा नियम त्यानें समीकरणांत मांडला. परंतु समीकरण मांडणें वेगळें आणि सोडविणें वेगळें.

येथेंच त्याची प्रतिभा दिसून येते. त्यानें पाहिलें कीं, कांबेवरील उष्णतेचा आकार जर ज्या-तरंगाचा, म्हणजे त्रिकोणमितींत आपण शिकतों त्या साइनच्या वक्ररेषेचा असेल, तर तो आकार कधींच बदलत नाहीं. त्याची फक्त उंची कमी होत जाते. शिवाय तरंग जितका दाट, तितका तो लौकर विरतो, आणि तोहि वर्गाच्या प्रमाणांत. मूळ तरंग निम्मा होण्यास जितका वेळ लागतो तितक्यांत दुप्पट दाटीचा तरंग सोळाव्या हिश्श्यावर व तिप्पट दाटीचा पांचशें बाराव्या हिश्श्यावर येतो. कांबेवरील कंगोरे आधीं नाहींसे होऊन शेवटीं मंद उतार तेवढा उरतो, याचें कारण हेंच. तेव्हां कोणताहि वेडावांकडा आकार जर अशा तरंगांच्या बेरजेनें मांडतां आला, तर प्रत्येक तरंग वेगळा विरूं द्यावा आणि शेवटीं पुन्हां बेरीज करावी, कीं प्रश्न सुटला. फूर्येनें प्रतिपादन केलें कीं, अशी बेरीज नेहमींच करतां येते; आकार तुटक असला, त्यांत एकदम उडी असली, तरीहि येते.

ता. २१ डिसेंबर १८०७ रोजीं त्यानें आपला निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें ठेविला. परीक्षक होते लाग्रांज, लाप्लास, मोंज व लाक्र्वा. यांपैकीं तिघे तर त्याचे प्रत्यक्ष गुरु. निबंध छापला गेला नाहीं. लाग्रांजला हें प्रतिपादन मुळींच पटेना. यामागें जुना इतिहास होता. ताणलेल्या तारेच्या कंपनाविषयीं अठराव्या शतकाच्या मध्यास दालांबेर, ऑयलर व डॅनियल बर्नुली यांच्यांत मोठा वाद माजला होता. १७५३ मध्यें बर्नुलीनें तारेचें प्रत्येक कंपन ज्या-तरंगांच्या बेरजेनें होतें असें सुचविलें, तेव्हां ऑयलरनें तें नाकारलें होतें. गुळगुळीत तरंगांची बेरीज करून कोपऱ्यांचा, तुटलेला आकार निघतो, हें त्या पिढीच्या बुद्धीस मान्य होण्यासारखें नव्हतें. १८११ मध्यें सभेनें उष्णतेच्या प्रसारावर बक्षिसाचा निबंध मागविला. फूर्येनें आपलें लिखाण वाढवून पाठविलें, आणि १८१२ च्या आरंभीं बक्षीस त्यालाच मिळालें. परंतु त्याबरोबर परीक्षकांनीं असा अभिप्राय जोडला कीं, या विवेचनांत तर्काची काटेकोर शुद्धता नाहीं व व्यापकपणांतहि उणें आहे. निबंध पुन्हां पडून राहिला.

या ठिकाणीं न्याय करणें अवघड आहे. फूर्येचें म्हणणें खरें होतें. परंतु परीक्षकांची शंकाहि खोटी नव्हती. अनंत पदांची बेरीज केव्हां ठराविक किंमतीकडे जाते व केव्हां जात नाहीं, याची सिद्धता फूर्येपाशीं पुरती नव्हती. ती १८२९ मध्यें डिरिक्ले या जर्मन तरुणानें, योग्य अटी घालून, प्रथम दिली. पुढें रीमाननें समाकलनाची व्याख्या नव्यानें केली, आणि कँटरनें अनंत संचांचें शास्त्र उभारलें, तेंहि याच श्रेणींच्या विचारांतून. म्हणजे फूर्येच्या निबंधांतील उणीव ही शंभर वर्षांच्या गणिताची जननी ठरली. गुरूंचा आक्षेप ऐकून त्यानें निबंध फाडून टाकिला असता तर जगाची हानि झाली असती. आणि गुरूंनीं आक्षेप घेतलाच नसता तर गणिताची शुद्धि झाली नसती.

आतां विद्यार्थिमित्रांनीं थोडी पाटी पेन्सिल हातीं घ्यावी. कारण फूर्येचें चरित्र गणिताशिवाय अर्धेंच राहील. असा एक तरंग मनांत आणा कीं, तो अर्धा वेळ १ या उंचीवर व अर्धा वेळ उणें १ या उंचीवर असतो, मध्यें उतार नाहीं, एकदम उडी. फूर्येच्या रीतीनें हा तरंग म्हणजे ४ भागिले पाय, गुणिले पुढील बेरीज : ज्या क्ष, अधिक ज्या ३क्ष चा तिसरा हिस्सा, अधिक ज्या ५क्ष चा पांचवा हिस्सा, आणि असेंच पुढें. क्ष ची किंमत काटकोनाइतकी घेऊन पाहा. एका पदानें उत्तर १.२७ येतें, दोहोंनीं ०.८५, तिहींनीं १.१०, चोहोंनीं ०.९२, पांचांनीं १.०६. उत्तर १ च्या वर खालीं हेलकावे घेत त्याकडे सरकत असलेलें स्पष्ट दिसतें. एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश ही जी श्रेणी येथें निघाली, ती केरळांतील माधवाच्या परंपरेस लाइबनिट्झच्याहि पुष्कळ आधीं ठाऊक होती, हें आपल्याला अभिमानानें आठवावेसें वाटेल. मात्र उडीच्या अगदीं जवळ बेरजेचा कळस १.१८ च्या आसपास जातो, आणि पदें कितीहि वाढविलीं तरी तो कळस अरुंद होतो, बुटका होत नाहीं. या चमत्काराला गिब्जचें नांव पडलें आहे.

हीं पदें काढावयाचीं कशीं? ज्यानें सदिश राशि शिकल्या आहेत त्याला हें सोपें जाईल. काटकोनांत असलेल्या दोन अक्षांवर एखाद्या रेषेची सावली पाडून आपण तिचे घटक काढतों. वेगवेगळ्या दाटीचे तरंग हे असेच परस्परांशीं काटकोनांत असलेले अक्ष होत : दोन भिन्न तरंगांचा गुणाकार करून पूर्ण आवर्तनाचें क्षेत्रफळ काढलें तर तें शून्य येतें. म्हणून जो घटक हवा असेल त्याच तरंगानें गुणावें व क्षेत्रफळ घ्यावें. बाकीचे सर्व आपोआप गळून पडतात. लहानसें उदाहरण घ्या. समान अंतरानें चार मापें घेतलीं, तीं आलीं ३, १, उणें १, १. बेरीज ४, म्हणून सरासरी १. आतां कोज्येच्या किंमती १, ०, उणें १, ० यांनीं अनुक्रमें गुणून बेरीज करा : ४ आली, या किंमतींच्या वर्गांची बेरीज २, म्हणून कोज्या-तरंगाची उंची २. ज्येच्या किंमती ०, १, ०, उणें १ यांनीं गुणिलें तर शून्य. एकाआड एक चिन्ह बदलून बेरीज केली तरी शून्य. म्हणजे आपलीं मापें एक अधिक दोन कोज्या एवढींच होतीं. पडताळून पाहा, चारहि मापें बरोबर मिळतात. सिग्नलच्या शास्त्राचा श्रीगणेशा हाच. मोठमोठीं यंत्रें जें लाखों मापांवर करतात, तें तुम्हीं चार मापांवर हातानें केलें.

गणिताच्या विद्यार्थ्यास या शास्त्रांत शिरतांना एका गोष्टीची संवय करावी लागते. वर्गांत फल सर्वत्र दिलेलें असतें; व्यवहारांत आपल्या हातीं ठराविक अंतरानें घेतलेलीं मापें तेवढींच येतात. मापें विरळ घेतलीं तर जलद कंपन मंद असल्याचा भास होतो. चित्रपटांत धांवत्या गाडीचीं चाकें उलटीं फिरतांना दिसतात तें यामुळेंच. म्हणून सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें पाहिजे. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. यासाठीं गाण्याच्या सीडींत दर सेकंदास ४४,१०० मापें घेतलेलीं असतात. हा नियम पाठ करण्यापेक्षां कागदावर तरंग काढून स्वतः टिंबें मांडून पाहिल्यास जन्मभर विसरणार नाहीं.

चरित्राकडे परत येऊं. १८१५ मध्यें नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून ग्रनोबलवर चालून आला, तेव्हां राजाचा अंमलदार असलेला फूर्ये पेंचांत पडला. त्यानें राजनिष्ठेचा जाहीरनामा काढला आणि दुसऱ्या वेशीनें शहर सोडलें. नेपोलियननें रागावण्याऐवजीं त्याला रोन प्रांताचा प्रीफेक्ट नेमिलें. पण थोड्याच दिवसांत त्यानें राजीनामा दिला. वॉटर्लूनंतर त्याला धड ना या पक्षाचा आधार ना त्या. पूर्वींच्या एका शिष्यानें त्याला पॅरिसच्या आंकडेवारी खात्यांत जागा दिली, म्हणून निर्वाह झाला. १८१६ सालीं शास्त्र-अकादमीनें त्यास निवडलें, तर राजा अठरावा लुई यानें ती निवड नामंजूर केली. अकादमीनें पुढील वर्षीं त्यालाच पुन्हां निवडलें, आणि या वेळीं राजाला मान डोलवावी लागली. १८२२ मध्यें तो अकादमीच्या गणितशाखेचा कायमचा चिटणीस झाला, आणि त्याच वर्षीं, पहिल्या निबंधानंतर पंधरा वर्षांनीं, त्याचा उष्णतेचा वैश्लेषिक सिद्धान्त हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बक्षीस मिळालेला जुना निबंधहि त्यानें अकादमीच्या ग्रंथमालेंत जसाच्या तसा छापवून घेतला. १८२४ मध्यें पृथ्वीच्या उष्णतेचा विचार करतांना त्यानें दाखवून दिलें कीं, सूर्याची प्रकाशमय उष्णता वातावरणांतून सहज आंत येते, पण तापलेल्या भूमीची अदृश्य उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाहीं. आज जगाला भेडसावणाऱ्या तापमानवाढीच्या चर्चेचा एक उगम येथें आहे.

ज्याला स्वतःला दारें बंद मिळालीं होतीं, त्यानें इतरांसाठीं दारें उघडण्याचा यत्न केला. सोफी जर्मेन या विदुषीस स्त्री म्हणून अकादमीच्या सभांत बसतां येत नसे. ती मुभा तिला फूर्येच्या चिटणीसपणाच्या काळांत मिळाली. तरुण डिरिक्लेला त्यानें पॅरिसमध्यें उत्तेजन दिलें. परंतु एक दुर्दैवी गोष्टहि सांगितली पाहिजे. १८३० च्या आरंभीं एव्हारिस्त गाल्वा या अठरा वर्षांच्या मुलाचा बक्षिसासाठीं आलेला निबंध फूर्येकडे परीक्षणास गेला होता. तो परत येण्यापूर्वींच ता. १६ मे १८३० रोजीं पॅरिस येथें फूर्येचा अंत झाला, आणि तो निबंध त्याच्या कागदपत्रांत सांपडला नाहीं. दोन वर्षांनीं गाल्वाहि द्वंद्वयुद्धांत मारला गेला. ज्याचा निबंध पंधरा वर्षें अडकून पडला, त्याच्याच घरीं दुसऱ्या एका अलौकिक बुद्धीचा निबंध हरवावा, हा दैवदुर्विलास मनाला चटका लावणारा आहे.

इजिप्तहून आल्यापासून फूर्येला थंडी मुळींच सोसत नसे. पुढें पुढें तो उन्हाळ्यांतहि जाड कपडे घाली व खोली तापवून बसे. उष्णतेचें गणित करणाऱ्यास आयुष्यभर ऊब पुरली नाहीं! त्याची समाधि पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानांत आहे. १८४९ सालीं ओसेर गांवीं त्याचा कांस्य पुतळा उभारला गेला. दुसऱ्या महायुद्धांत तो धातूसाठीं वितळविण्यांत आला.

पुतळा वितळला, पण गणित टिकलें. विल्यम थॉमसन, पुढें लॉर्ड केल्व्हिन, यानें सोळावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच फूर्येचा ग्रंथ वाचला. पुढें समुद्राखालील तारांतून संदेश कसा पसरतो याचें गणित त्यानें याच उष्णतेच्या समीकरणावरून बसविलें, आणि भरतीओहोटीचे अनेक तरंग चाकांनीं एकत्र जुळविणारें यंत्रहि रचलें. याच जातीचें यंत्र १८७९ च्या सुमारास हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं इंग्लंडांत तयार झालें. मुंबईसारख्या बंदरांतील भरतीचीं कोष्टकें ज्या गणितावर उभीं आहेत, त्याच्या मुळाशीं ओसेरच्या शिंप्याचा मुलगा आहे. १९२० मध्यें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं मृदंगतबल्याच्या शाईमुळें चामड्यांतून तंबोऱ्याच्या तारेसारखे सुसंवादी उपस्वर कसे निघतात तें दाखविलें, तेंहि या तरंगविश्लेषणाचेंच फळ. १९६५ मध्यें कूली व टुकी यांनीं घटक काढण्याची जलद रीत प्रसिद्ध केली. १,०२४ मापांना पूर्वीं सुमारें साडेदहा लाख गुणाकार लागत, तेथें आतां दहा हजारांच्या घरांत काम भागूं लागलें. बंगळूरांत जन्मलेले नासिर अहमद यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कोज्या-रूपांतरानें आजचीं छायाचित्रें थोड्या जागेंत मावतात. रुग्णालयांतील एम्. आर्. आय्. यंत्र शरीराच्या आंतलें चित्र काढतें, तेंहि फूर्येचेंच सूत्र चालवून.

विद्यार्थिमित्रहो, ज्या व कोज्या यांचीं कोष्टकें पाठ करतांना यांचा पुढें उपयोग काय असें तुमच्या मनांत आल्यास रात्रीं मेणबत्तीचीं थोटकें पेटवून बसलेल्या त्या मुलाची आठवण करा. त्यालाहि उपयोग ठाऊक नव्हता. त्यानें आवडीनें अभ्यास केला, मिळालेलें नावडतें कामहि चोख केलें, वडिलधाऱ्यांचा नकार आल्यावर संतापून विषय सोडला नाहीं आणि दोष दाखविले म्हणून लिहिणें थांबविलें नाहीं. पंधरा वर्षें धीर धरणें हें तुमच्या वयास फार वाटेल. परंतु लोखंडांतील उष्णता जशी हळूहळू टोकापर्यंत पोहोंचते, तसेंच खऱ्या विचाराचेंहि आहे. तो आज ना उद्यां पोहोंचतो. मधल्या काळांत आपण विस्तव विझूं द्यावयाचा नाहीं, इतकेंच आपलें काम.